चिनी झाडपाल्याची औषधं एकत्र कशी घ्यावीत?

किडनी, लिव्हर आणि हृदयासाठी कोणत्या चिनी वनस्पती एकत्र घेतल्या तर चालतील, असं विचारलंय तुम्ही. आधी रोज कोणत्या गोळ्या घेता ते सांगा. आमच्या घरात हे कुणी विचारलं नाही, म्हणून लिहायला बसले.

2017 साली सासरे सांगलीहून आमच्याकडे सिंगापूरला आले होते. हृदयात कृत्रिम झडप, म्हणून वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, जास्त असेल तर रक्तस्रावाचा धोका) 2.5 ते 3 च्या दरम्यान. धाकटे भाऊजी चायनाटाऊनमधून दानशेन नावाच्या चिनी मुळाची पूड घेऊन आले. 'हृदयाला उत्तम!' शिवाय दांग्वेई या दुसऱ्या चिनी औषधी वनस्पतीचं मूळ घातलेलं कोंबडीचं सूप. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. "वहिनी, झाडाचं मूळ ते, त्याला काय विचारायचं?" बाराव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त लागलं, ते थांबेचना. आयएनआर 6.8! दोन्ही मुळं वॉरफरिनचा जोर वाढवतात. उतारा म्हणून व्हिटॅमिन के, दोन रात्री इस्पितळात.

नंतर त्यांना नोंदणीकृत चिनी वैद्यबाईंकडे नेलं. त्यांनी नाडीला हात लावायच्या आधी गोळ्यांची पिशवी मागितली. चिनी परंपरेत 'अठरा विरोध', म्हणजे एकत्र न द्यायच्या औषधांची यादी, पाठ करतात. ज्येष्ठमध आणि गानसुई (एक जहाल रेचक मूळ) एकत्र नको, असे. पण त्या जुन्या यादीत वॉरफरिन कुठून असणार?

किडनी-लिव्हरचं म्हणाल तर त्यांचं 'मूत्रपिंड' म्हणजे आपल्या रक्ततपासणीतल्या क्रिएटिनिनवालं नव्हे, त्यात जननशक्ती, हाडं, केस सगळं येतं. यकृत-मूत्रपिंडाच्या पुष्टीसाठी, केस काळे करायला घेतात ती हशोऊवू ही वनस्पती कित्येकांच्या यकृतालाच सूज आणून बसली आहे. आणि 1990 च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन घटवायच्या गोळ्यांत फांगजी या चिनी औषधी मुळाच्या जागी त्याच नावाशी मिळतीजुळती, किडनीला घातक अरिस्टोलोकिक आम्लाची वनस्पती गेली. शंभराच्या आसपास बायकांच्या किडन्यांना इजा झाली, कितीतरी जणींना डायलिसिसवर जावं लागलं. तेव्हा आत नेमकं काय आहे ते कळत नाही अशी सुटी पूड तर आणूच नका.

मी डॉक्टर नाही, अकाउंट्स बघते. सगळं चिनी वैद्यक थोतांड आहे असंही म्हणत नाही. कुठलीच गोळी चालू नसेल आणि जाणता वैद्य असेल तर जरूर जा, फक्त आधी आणि महिन्याभराने लिव्हर-किडनीची तपासणी करून घ्या.

भाऊजी अजून म्हणतात, रक्त कडक ब्रशमुळे आलं. ब्रश मऊ होता. मीच आणला होता.