बोलावून सांगितले, तरी फरक का पडत नाही?

प्रश्न : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर आहे. सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्रांच्या) विभागातील एका जुन्या ऑपरेटरच्या हातून काही महिन्यांपासून रिजेक्शन (बाद नगांचे प्रमाण) वाढले आहे. ते वयाने बरेच मोठे असल्याने मी त्यांना नाना म्हणतो. दर आठवड्याला केबिनमध्ये बोलावून मी त्यांना आकडे दाखवतो. ते ‘बरं साहेब’ म्हणतात आणि पुन्हा तेच होते. आता व्यवस्थापनाने मला त्यांचे वैयक्तिक कोचिंग करण्यास सांगितले आहे. ते कसे करावे?

उत्तर : नग बाद झाल्याचे नानांना तुमच्या आधी कळलेले असते, त्यामुळे केबिनमधील आकड्यांतून त्यांच्या हाती नवे काहीच पडत नाही, पडतो तो फक्त कमीपणा. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी अभिप्रायाविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी पाहता अभिप्रायाने कामगिरी सुधारत होती, परंतु एक तृतीयांशाहून अधिक वेळा ती उलट खालावली होती. माणसाचे लक्ष कामावरून उडून स्वतःच्या मानापमानाकडे गेले की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे म्हणणे होते. नानांच्या बाबतीत हेच घडत असावे, असे मला वाटते.

म्हणून ही बैठक यंत्रापाशी घ्या; मात्र शेजारचे तरुण ऑपरेटर ऐकत नसतील अशी वेळ निवडा, आणि ती शिफ्टच्या कामाच्या वेळातच असू द्या, कंपनीची बस सुटण्याच्या घाईत नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा सरकारी कार्यक्रम चालला. कामगाराने काम करता करता प्रत्येक टप्पा आणि त्यातील मुख्य खुबी स्वतःच्या तोंडाने सांगावी, हा त्यातील शिकवण्याच्या पद्धतीचा एक भाग होता. नानांना तेच करू द्या. ‘नाना, हा नग तुम्ही लावा आणि काय करता, का करता, ते मला सांगत चला,’ एवढेच म्हणा, आणि चूक दिसली तरी नग पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.

असे पाहिल्यावर पुष्कळदा कारण अगदी साधे निघते. समजा, ते यंत्रातून काढलेला गरम नग लगेच मोजून त्यावर ऑफसेट (यंत्रातील हत्याराच्या मापाची दुरुस्ती) देत असतील. पोलादाचा ५० मिलिमीटर व्यासाचा नग २० अंश सेल्सिअसने अधिक गरम असेल, तर तो सुमारे ११ ते १२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मोठा भरतो. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) काटेकोर असेल तर तोच नग थंड झाल्यावर तपासणीत लहान ठरून बाद होतो. इन्सर्ट (हत्याराचे बदलता येणारे कापणारे टोक) किती नगांनंतर बदलतात, कच्च्या मालाची खेप बदलल्यावर काही वेगळे करतात का, हेही विचारा. आणि ते मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचे साधन) डोळ्यांपासून किती लांब धरतात, याकडे आवर्जून लक्ष द्या. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते, आणि नोकरीच्या भीतीने ही गोष्ट लपवणारी माणसे असतात. हा प्रश्न चौघांत कधीही विचारू नये.

एका बैठकीत एकच गोष्ट ठरवा, आणि ती शक्यतो नानांनी सुचवलेली असावी. उदाहरणार्थ, नग निववून मगच मोजायचा. ती त्यांनी स्वतःच्या वहीत लिहावी. तुम्ही पहिले काही दिवस रोज, नंतर अंतर वाढवत, यंत्रापाशी जाऊन ती जमते आहे का ते पाहा. पगारवाढ किंवा शिस्तीची कारवाई यांचा विषय या बैठकांत आणू नका, नाहीतर ते अडचण सांगणेच थांबवतील.

चष्मा, चांगला प्रकाश, निववण्यासाठी वेळ किंवा वेळेवर नवा इन्सर्ट यांपैकी काही कमी असल्याचे निघाले, तर ते नानांच्या बोलण्याचा हवाला देऊन मागू नका. विभागाची गरज म्हणून ती मागणी तुमच्या सहीने लेखी करा.