किमो चालू असताना डीएनएचं नुकसान टाळायला वनस्पतीचा अर्क घ्यावा का?

आईची किमो सुरू आहे, एका अर्काने उंदरांमधलं जनुकीय नुकसान बरंच कमी झालं असं वाचलंत, आणि तो आईला द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: किमो संपेपर्यंत नको.

तुम्ही वाचलेलं खोटं आहे असं मात्र नाही. उंदरांमधलं असं नुकसान मोजणाऱ्या चाचणीच्या स्लाइड मी स्वतः मोजल्या आहेत. उंदराला काही दिवस अर्क पाजतात, मग सायक्लोफॉस्फामाइड हे किमोचं औषध टोचतात आणि साधारण २४ तासांनी मांडीच्या हाडातला मगज (मज्जा) काचेवर पसरून रंगवतात. तांबडी पेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकते. गुणसूत्र तुटलेलं असेल तर त्याचा तुकडा आतच राहतो आणि निळसर, कोवळ्या पेशीत गोल, गडद जांभळा ठिपका दिसतो. असे ठिपके किती कोवळ्या पेशींत आहेत ते मोजायचं. (रंगाचा कण कुठला आणि खरा ठिपका कुठला, हे ओळखता ओळखता डोळ्यांचं भजं होतं.) अर्क दिलेल्या उंदरांत ठिपके कमी दिसले, की ‘संरक्षण मिळालं’ असं लिहितात.

पण ठिपके कमी का झाले? सायक्लोफॉस्फामाइड शरीरात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. यकृतातली एन्झाइम्स त्याला कामाला लावतात. अर्काने तीच एन्झाइम्स मंदावली, तरीही ठिपके कमीच होणार. मग ते संरक्षण कसलं, औषधच लागू पडलं नाही! म्हणून असा निष्कर्ष वाचला की मी आधी बघतो, यकृताची गरज नसलेल्या सिस्प्लॅटिनसारख्या औषधासोबतही तो अर्क तपासलाय का.

दुसरी गोम त्याहून मोठी. यातल्या बहुतेक उंदरांना कॅन्सर नसतोच. मज्जा वाचली हे कळतं, गाठही वाचली असती का, हे कळतच नाही. २००२ साली स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांवर हे तपासलं गेलं: आहारात हळदीतलं कर्क्युमिन दिल्यावर सायक्लोफॉस्फामाइडने गाठ आक्रसायची ती नीट आक्रसली नाही. ग्रीन टीमधलं ईजीसीजी बोर्टेझोमिब या कॅन्सरच्या औषधाला थेट चिकटून ते निकामी करतं, हे २००९ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसलं. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे तर माणसांच्या रक्तातच इरिनोटेकॅन या किमोच्या औषधाचा सक्रिय अंश घटलेला आढळलाय.

निवडक संरक्षण शक्य आहे, नाही असं नाही. मेस्ना हे औषध बघा. सायक्लोफॉस्फामाइडपासून तयार होणारं अ‍ॅक्रोलिन मूत्राशय जाळतं. मेस्ना मूत्रात जाऊन त्यालाच पकडतं, गाठीवरच्या माऱ्यात अडथळा आणत नाही. अर्कांच्या बाबतीत एवढं काटेकोर उत्तर मला अजून कुठे दिसलेलं नाही. आणि वनस्पतीचं म्हणजे सौम्य, हे तर डोक्यातून काढूनच टाका: व्हिन्क्रिस्टिन हे किमोचं औषध सदाफुलीतूनच येतं.

आईने अर्क आधीच सुरू केला असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. बाटली किंवा लेबलचा फोटो घेऊन जा, कधीपासून आणि किती घेतला ते सांगा. काही अर्कांनी यकृताच्या तपासण्या बिघडतात, आणि डॉक्टरांना माहीत नसेल तर तो दोष किमोवर जाऊन तिचा डोस विनाकारण कमी होऊ शकतो.