नाताली रडत का नाही?

प्रश्न : मिया हान्सेन-लव्ह यांचा ‘लाव्हनीर’ हा २०१६ सालचा फ्रेंच चित्रपट नुकताच पाहिला. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवरा दुसऱ्या स्त्रीसाठी घर सोडतो, आई जाते, पाठ्यपुस्तकांचे कामही हातून सुटू लागते. तरी नाताली फारशी रडत नाही आणि शेवटपर्यंत तिच्या आयुष्यात दुसरा पुरुष येत नाही. तत्त्वज्ञान शिकवणारी बाई म्हणून तिने सारे बुद्धीने पचवले, असे समजायचे का?

उत्तर : नाताली रडते. आपल्याला ते आठवत नाही, याचे कारण दिग्दर्शिकेने त्या रडण्यावर प्रसंग संपवलेला नाही. बसमध्ये बसून ती हुंदके देत असते, तेवढ्यात खिडकीतून तिला रस्त्यावर नवरा आणि त्याची नवी सोबतीण दिसते आणि रडता रडता तिला हसू फुटते. नातालीची भूमिका करणाऱ्या इझाबेल युपेर यांनी हे संक्रमण इतक्या सहजतेने केले आहे, की प्रेक्षकाच्या मनात हसू राहते आणि आधीचे अश्रू निसटून जातात. नवऱ्याने ठेवलेला फुलांचा गुच्छ ती संतापाने एका मोठ्या पिशवीत कोंबून कचऱ्यात टाकते, आणि मग पिशवी तेवढी परत घ्यायला येते. दुःखातही चांगली पिशवी वाया जाऊ न देणारी ही बाई मला कोणत्याही आक्रोशापेक्षा अधिक खरी वाटते.

या चित्रपटात वियोग मोठ्या संवादांतून येत नाही, तो वस्तूंतून येतो. नवरा हाइन्झ जाताना पुस्तके नेतो आणि कपाटात खिंडारे पडतात. तिची टिपणे असलेले तत्त्वज्ञ लेव्हिनासचे पुस्तकही त्यातच गेल्याचे तिला समजते, तेव्हा ती नवरा गेल्यापेक्षाही मोकळेपणाने चिडते. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले समुद्राकाठचे घर त्याच्या माहेरचे, म्हणजे त्याच्या आईवडिलांकडचे. तिथली बाग मात्र इतकी वर्षे तिने वाढवलेली. घटस्फोटाच्या कागदांत अशा बागेसाठी रकाना नसतो.

बुद्धीने पचवले का, हा आपल्या प्रश्नाचा अधिक महत्त्वाचा भाग आहे. नाताली पॅरिसमधल्या लिसेमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या उच्च माध्यमिक टप्प्यावर शिकवते. फ्रान्समध्ये शाळेच्या अखेरच्या वर्षी तत्त्वज्ञान हा विषय असतो आणि त्याची परीक्षा चार तासांची असते, त्यामुळे हे पेशाचे तपशील कथेला चिकटवलेली शोभा नाहीत. दिग्दर्शिकेचे आईवडील दोघेही तत्त्वज्ञानाचे शिक्षक होते आणि हे घर, ही पुस्तके तिने आतून पाहिलेली आहेत, हे जाणवत राहते. आईच्या अंत्यविधीत नाताली तत्त्वज्ञ पास्कलचा उतारा वाचते, वर्गात रूसोचा इच्छा आणि सुख यांच्यावरचा उतारा वाचून दाखवते. पण हे उतारे तिचे दुःख बधिर करत नाहीत. रोज करायचे एक काम तिच्यापाशी आहे आणि त्या कामावर तिचे प्रेम आहे, एवढाच आधार ते देतात. माझ्या मते चित्रपटाचे सारे म्हणणे याच ‘एवढ्या’त आहे. मुले मोठी झाली, नवरा गेला, आई गेली, आणि आपण कधी नव्हतो इतक्या स्वतंत्र झालो आहोत, असे ती तिच्या माजी विद्यार्थ्याला, फाब्यांला सांगते. त्या वाक्यात आनंद किती आणि स्वतःची समजूत किती, हे युपेर यांचा चेहरा ठरवू देत नाही.

राहिला दुसऱ्या पुरुषाचा प्रश्न. तरुण, देखणा फाब्यां कथेत आला, की प्रेक्षक प्रेमकथेची वाट पाहू लागतो, आणि दिग्दर्शिकेला ही अपेक्षा ठाऊक आहे. तिने त्या दोघांमध्ये प्रेमाऐवजी वाद ठेवला. आपले विचार आणि आपले जगणे यांत तू मेळ घातला नाहीस, असे तो राहतो त्या वेर्कोरच्या डोंगरातल्या शेतघरात तिला ऐकवतो. आपण क्रांती करायला निघालो नाही, मुलांना स्वतः विचार करायला शिकवतो, हे तिचे उत्तर. नवऱ्याच्या जाण्याइतकाच हा वार खोल आहे, कारण तो तिच्या लाडक्या विद्यार्थ्याने केलेला आहे. नव्या प्रेमाने ही जखम झाकली असती, तर चित्रपट सोपा झाला असता. बर्लिन महोत्सवात २०१६ साली सर्वोत्तम दिग्दर्शनाचे ‘रौप्य अस्वल’ हे पारितोषिक या कामाला मिळाले, ते योग्यच होते.

प्रश्न : आईचे मांजर सांभाळून शेवटी ती ते देऊन का टाकते? हे मला निर्दय वाटले.

उत्तर : निर्दय मुळीच नाही. नातालीला मांजरांची अ‍ॅलर्जी आहे आणि पांडोरा नावाची ही जाडजूड काळी मांजर आईच्या मागे तिच्या गळ्यात पडलेली आहे. फ्लॅटमध्ये वाढलेली पांडोरा वेर्कोरच्या रानात पळून जाते, तेव्हा नाताली जीव टांगणीला लागल्यासारखी तिला हाका मारते. सकाळी मांजर परतते ती तोंडात उंदीर घेऊन. इतक्या वर्षांत कोणी न शिकवलेली शिकार तिला एका रात्रीत जमली. पुढच्या खेपेला नाताली तिला फाब्यांकडे ठेवून एकटीच पॅरिसला परतते.