डी.फार्म.ची पुस्तकं: कोणत्या पानावर किती भरवसा ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की पॅरासिटामॉलचा तीन वर्षांच्या मुलाचा डोस एका पुस्तकात १०० मिग्रॅ निघतो आणि दुसऱ्यात त्याच्या जवळपास दुप्पट, तर डी.फार्म.च्या (औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने खरं कोणतं मानायचं? मी २२ वर्षं हॉस्पिटल फार्मसीत आहे. ट्रेनिंगला येणारी मुलं हाच गोंधळ घेऊन येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या पुस्तकात यंगचं सूत्र वापरलंय: वय भागिले वय अधिक बारा, गुणिले मोठ्यांचा डोस. म्हणजे ३ भागिले १५ गुणिले ५००, उत्तर १००. गणित बरोबर आहे. पण हे सूत्र वजन बघतच नाही. मूल १४ किलोचं असेल तर किलोला १० ते १५ मिग्रॅ या हिशेबाने एका वेळचा डोस १४० ते २१० मिग्रॅ येतो, आणि आज बालरोगतज्ज्ञ याच हिशेबाने लिहितात. परीक्षेत सूत्र विचारलं तर सूत्राने सोडवा, काउंटरवर मात्र वजन. हा फरक त्याच पानावर सांगायला हवा होता. तो न सांगणं ही माझ्या मते पुस्तकाची चूकच.

त्याहून धोकादायक म्हणजे ‘एक चमचा’ असं लिहिलेला डोस. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅचं मिळतं, २५० चंही मिळतं, आणि बाळांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीतच १०० मिग्रॅ असतात. ड्रॉप्स चमच्याने पाजले तर ५ मिलीत ५०० मिग्रॅ पोटात जातात. मिलीशेजारी मिग्रॅ नसेल ते वाक्य पेन्सिलने खोडून टाका.

कायद्याच्या विषयाला सीनियरचं पुस्तक वापरूच नका. अभ्यासक्रम १९९१ च्या नियमांवरून २०२० च्या नियमांवर आला. शिवाय बाजारात मुखपृष्ठ नवं आणि मजकूर जुना अशा आवृत्त्याही असतात. घेण्याआधी दोन जागा उघडून बघा. १ मार्च २०१४ पासून लागू झालेलं शेड्यूल एच१ (ज्यांच्या विक्रीची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते अशा औषधांची यादी) आहे का? आणि निमेसुलाइड या वेदनाशामकाखाली, १२ वर्षांखालच्या मुलांना बंदी आहे (२०११ पासून) हे लिहिलंय का? नसेल तर पुस्तक परत ठेवा. आमच्याकडे आलेल्या एका मुलाला एच१ चं रजिस्टर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. अल्प्राझोलाम या चिंता कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळीची नोंद न करता तो पुढचं प्रिस्क्रिप्शन घेत होता. ती नोंद तीन वर्षं जपावी लागते. मुलगा हुशार होता, पण त्याच्या पुस्तकात शेड्यूल एचनंतर थेट शेड्यूल एक्स होतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आणखी एक. गाइडमध्ये ‘जेवणाआधी’च्या जागी सर्रास ‘उपाशीपोटी’ छापलेलं असतं. आमच्या एका ट्रेनीने ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी देताना आजोबांना तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी संकष्टी. आजोबांनी सकाळी गोळी घेतली आणि चंद्रोदयाची वाट बघत उपाशी राहिले. दुपारी घामाघूम होऊन, हातपाय थरथरत आले. साखर खाली गेली होती. वेळेत आले म्हणून निभावलं. ही गोळी नाश्त्याच्या लगेच आधी किंवा नाश्त्याबरोबर घ्यायची असते, आणि त्यानंतर खायचंच असतं. एका शब्दाच्या भाषांतरावर माणसाचा जीव टांगला गेला. तेव्हापासून मी मुलांना ‘गोळी घ्या आणि लगेच जेवा’ असंच बोलायला लावतो.

आता तुमच्याकडची पुस्तकं. फार्मास्युटिक्स (औषधं तयार करण्याचं शास्त्र) आणि फार्माकॉग्नोसीची (वनस्पतींसारख्या नैसर्गिक औषधांचं शास्त्र) जुनी चालतील. डोस, बंदी आणि कायदा यांसाठी औषधाबरोबर येणारं माहितीपत्रक, इंडियन फार्माकोपिया कमिशनचं नॅशनल फॉर्म्युलरी आणि सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या वेबसाइटवरच्या अधिसूचना वाचा. चूक सापडली की पानाचा आणि आवृत्तीचा क्रमांक लिहून प्रकाशकाला आणि आपल्या सरांना कळवा. पुढच्या बॅचला तेच पुस्तक मिळणार आहे.