‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो’ : एवढी घाई नको

प्रश्न : मुलगा 24 वर्षांचा आहे. गर्द ओढायचा, पुढे सुईही टोचून घेऊ लागला. स्टेशनबाहेर पोलिसांनी धरलं तेव्हा खिशात दोन पुड्या सापडल्या. जामीन झालाय. सध्या तो सरकारी रुग्णालयाच्या केंद्रात रोज जाऊन जिभेखाली गोळी घेतो. वकील म्हणतात, गुन्हा कबूल करून दंड भरा. दीर म्हणतात, गोळी म्हणजे दुसरी नशाच. गाडी बोलावून रात्री उचलून व्यसनमुक्ती केंद्रात टाकू. काय करू? – एक आई, कल्याण

उत्तर : ताई, कबुली देऊ नका, निदान एवढ्यात तरी. दंड भरला की प्रकरण मिटलं असं वाटतं, पण कागदावर ती दोषसिद्धीच असते. नोकरीच्या फॉर्मवर ‘शिक्षा झाली आहे का?’ या रकान्यात ‘हो’ लिहावं लागतं. आणि पुन्हा असाच गुन्हा सिद्ध झाला, तर एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 31 प्रमाणे कैदेची कमाल मर्यादा दीडपट होते. व्यसन हा उलटणारा आजार आहे, त्यामुळे हा धोका नुसता पुस्तकातला नाही.

आधी आरोपपत्राची प्रत घेऊन पंचनाम्यातलं आणि सीए रिपोर्टमधलं (सरकारी प्रयोगशाळेच्या रासायनिक तपासणी अहवालातलं) वजन बघा. गर्द म्हणजे हेरॉइन, त्याची अल्प मात्रा 5 ग्रॅमपर्यंत धरतात. पुडीत भेसळच जास्त होती, हे सांगून उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या हीरा सिंग निकालानंतर अख्खं मिश्रण मोजतात. दोन पुड्या बहुधा त्या आतच बसतील, तरी आकडा स्वतः वाचा.

आत बसल्या, तर याच कायद्याचं कलम 64अ तुमच्या कामाचं. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनाधीन माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर त्या आरोपासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. वकील हे कलम सहसा काढत नाहीत, कारण कबुली पाच मिनिटांत उरकते आणि या कलमाखालच्या अर्जाला तारखा लागतात. 2001 मध्ये कोकेन प्रकरणात अडकलेल्या एका हिंदी अभिनेत्याने केईएममध्ये उपचार घेतले. मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला याच कलमाचा लाभ दिला तो 2012 मध्ये. तेव्हा धीर धरा.

आता दिरांची गाडी. रात्री हातपाय धरून नेलेला मुलगा स्वतःहून उपचार घेतोय, हे कोर्टाला कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. संमतीशिवाय दाखल करायचं तर संस्था नोंदणीकृत हवी, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासलेलं हवं, आणि पहिली मुदत जास्तीत जास्त 30 दिवसांची. साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. याबाहेर डांबून ठेवलं तर तो गुन्हा ठरतो, आणि त्यात गाडी बोलावणाराही अडकू शकतो.

गोळीबद्दल दिरांची समजूत चुकीची आहे. ती बहुधा ब्युप्रेनॉर्फिन असणार. तिने तलफ आणि अंगदुखी आवरते, सुई सुटते. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, ही गोळी देण्याचा कार्यक्रम देशभर चालवते. 2017 च्या एचआयव्ही कायद्याचं कलम 22 या उपचाराला आणि स्वच्छ सुया वाटण्याला संरक्षण देतं. देणाराही गुन्हेगार नाही, घेणाराही नाही. खिशातल्या गर्दाला मात्र ते लागू नाही. सुई वापरलीच आहे, तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची तपासणी त्याच केंद्रातून करून घ्या.

एक गोष्ट कायद्याबाहेरची. काही आठवडे गर्द बंद राहिला की शरीराची सवय मोडते आणि मग जुनाच डोस जीव घेऊ शकतो. ओठ निळे पडले, श्वास संथ झाला, हाक मारून जाग येईना, तर कुशीवर वळवून 108 ला फोन करा. काय घेतलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन त्यावर चालतं. पोलिसांच्या भीतीने घरी वाट बघत बसू नका.

पुढच्या तारखेला मुलाला बरोबर न्या. केंद्राचं कार्ड, रोजच्या हजेरीची नोंद आणि डॉक्टरांचं पत्र जोडून 64अ खाली अर्ज द्या. वकील तयार नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला म्हणून तुमच्या स्वतःच्या प्रकरणात वकील मोफत मिळतो, मुलासाठी मात्र उत्पन्नाचा दाखला लागेल. उपचारासाठी दुसरं केंद्र शोधायचं झालं, तर 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, पण आताचं केंद्र मधेच सोडू नका.