वाचकांचे प्रश्न : जॉर्जियातली 'सुप्रा'

प्रश्न : मुलगी तिबिलिसीत एमबीबीएस करते. आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. तिच्या घरमालकांनी 'सुप्रा'ला बोलावलंय. हे घेतात, मी घेत नाही. नाही म्हटलं तर वाईट दिसेल का? (नाशिक)

उत्तर : नाही. फक्त पहिला पेला भरायच्या आधी सांगा. सुप्रा म्हणजे तासन् तास चालणारं जेवण. त्याची सूत्रं 'तमादा'च्या हातात असतात. बहुधा घरचा कर्ता पुरुष किंवा त्याने नेमलेला एखादा बोलका माणूस. त्याच्या कानावर घातलंत की तुमच्या पेल्यात सरबत येईल. पेला रिकामा नको, उचलायला काहीतरी हवंच.

जपायचंय ते खरं तर तुमच्या मिस्टरांना. आपल्याकडे गप्पा मारता मारता घोट घेतात, सोबत चकणा. तिथे तमादा बोलल्याशिवाय पेल्याला ओठ लावायचे नाहीत. तो शांततेसाठी, देशासाठी, आईवडिलांसाठी, गेलेल्यांसाठी असं एकेक बोलत जातो. मग सगळे 'गाउमार्जोस' म्हणून पितात. मधल्या वेळात नुसतं खायचं. तमादाने 'अलावेर्दी' म्हणून तुमच्याकडे सूत्रं दिली तर त्याच विषयावर चार वाक्यं बोला. मराठीत चालेल, मुलगी आहेच सांगायला.

'बोलोम्दे' म्हणजे तळापर्यंत. पाहुण्याने अर्धा ठेवला तरी सहसा खपतं. शिंगाचा पेला, 'कांत्सी', मात्र टेबलावर ठेवताच येत नाही, लवंडतो. म्हणून तो अर्धाच भरून मागा. 'चाचा' ही द्राक्षाच्या चोथ्याची दारू. घरची असेल तर ५०-६० टक्क्यांपर्यंत जाते, वाइन साधारण १२-१३. पाहुणे आडवे होतात ते या दोन्ही एकाच बैठकीत घेतल्याने. आधी पोटात चीज भरलेली खाचापुरी आणि लोबिओ (राजम्याचाच प्रकार) जाऊ द्या. तमादा सर्वांत जास्त पितो, पण त्याने झिंगणं नामुष्कीचं. आणि बिअरचा पेला उंचावून शुभेच्छा देऊ नका, जुन्या माणसांना खटकतं.

प्रश्न : तिथली पांढरी वाइन केशरी नि तुरट असते. बिघडलेली का? (पुणे)

उत्तर : नाही हो. मानेपर्यंत जमिनीत पुरलेल्या 'क्वेव्री' या मातीच्या रांजणात रस साली-बियांसकट ५-६ महिने राहतो. रंग आणि चहासारखा तुरटपणा त्यातूनच येतो. या पद्धतीला २०१३ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. बर्फासारखी गार करू नका, तुरटपणा जास्त जाणवतो. व्हिनेगरचा भपकारा आला तरच ती बिघडली समजा.