दीड लाखाचा क्लास लावू का?

प्रश्न : मुलगी बार्शीत टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय मानसशास्त्र. समुपदेशक नाही, संशोधक व्हायचं म्हणते. त्यासाठी डेटा ॲनालिसिस यायला हवं, असं तिच्या सरांनी सांगितलं. गणित दहावीलाच सुटलं. पुण्यात दीड लाखाचा डेटा सायन्सचा क्लास आहे. लावू का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. पैसे भरू नका, निदान आत्ता तरी.

असे क्लास बहुतेक कंपन्यांतल्या नोकऱ्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. तिला लागणार आहे संख्याशास्त्र : सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींबरोबर वाढतात-घटतात का), टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक योगायोगाचा तर नाही ना), रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज). यातलं बरंचसं बी.ए.लाच असतं, फक्त मुलं ते पाठ करून पेपर लिहितात. 'जामोवी' आणि 'आर' ही त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट आहेत. आधी जामोवी, तिथे माउसवर काम भागतं. मग आर, तिथे कोड लिहावा लागतो. सुरुवातीला दहावीचं गणित पुरतं.

सरावाला खरा डेटा हवा. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने 2017-18मध्ये 'लासी' या वाढत्या वयाबद्दलच्या पाहणीच्या पहिल्या फेरीत देशभरातल्या 45 वर्षांवरच्या माणसांची आणि त्यांच्या जोडीदारांची, मिळून 72 हजारांहून अधिक जणांची माहिती गोळा केली. त्यात स्मरणशक्तीच्या चाचण्या आहेत, उदासीबद्दलचे प्रश्न आहेत, घरात कोण कोण राहतं हेही आहे. संशोधनासाठी रीतसर मागणी केली की हा डेटा मिळतो. एकटी राहणारी आजी आणि मुलांजवळ राहणारी आजी, यांच्या उदासीत फरक असतो का? एवढा एक प्रश्न घेऊन तिने त्यात उतरावं.

आता क्लासात न मिळणारी गोष्ट. आपली माणसं 'मला नैराश्य आलंय' असं क्वचित म्हणतात. 'कशात जीव रमत नाही', 'डोकं जड झालंय' असं सांगतात. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना हे निसटलं, तर पुढचं गणित कितीही चोख असलं तरी मोजलं भलतंच. बार्शीत वाढलेल्या मुलीचा कान इथे कामाला येतो. आणि नुसते आकडे छापून भागत नाही, हे या विषयाने ठेच लागून शिकलंय. 2015मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांत तसाच ठळक निष्कर्ष आला. तेव्हापासून अनेक नियतकालिकं डेटा आणि कोड उघडा ठेवा म्हणतात. आर येणाऱ्याला म्हणूनच मागणी आहे.

पुढचा रस्ता : पुणे किंवा मुंबई विद्यापीठात एम.ए., नाहीतर गांधीनगर किंवा दिल्ली आयआयटीत कॉग्निटिव्ह सायन्सची (मन आणि मेंदू कसं काम करतात, याच्या शास्त्राची) एमएस्सी. अर्जाआधी प्रवेशाच्या अटी नीट वाचा. मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. त्यात जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएचडी करताना पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते ती मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, निव्वळ संशोधनाला नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण वयाचा हिशोब मनात असणारच. पीएचडी हातात पडेपर्यंत तिशी जवळ येते. हे तिच्याशी आजच उघड बोला, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी नव्हे.

आणि तिच्या वर्गाच्या प्रोजेक्टसाठी भरून घेतलेल्या प्रश्नावल्या कॉलेजच्या कपाटात पडून असतील, तर रद्दीत जाण्याआधी सरांच्या परवानगीने, नावं झाकून, त्या जामोवीत भरायला सांगा. कुठला प्रश्न सगळ्यांनी कोरा सोडलाय, ते पहिल्याच दिवशी दिसेल.